कढईशेजारची वही : इंदूरच्या नमकीन आणि गोळ्यांच्या पेढ्या चालवणाऱ्या कुटुंबांना खुले पत्र

प्रति,
सांवेर रोड, पालदा आणि पिथमपूरच्या पट्ट्यात नमकीन, मिठाई व गोळ्या-टॉफीचे कारखाने चालवणारी सर्व कुटुंबे,
इंदूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांचा धंदा एका कढईवर सुरू झाला आणि आज दिवसाला काही टन माल गाड्यांत चढतो. कंपनी कागदोपत्री प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि भागधारक म्हणजे घरचीच पाच-सात माणसे. शेअर बाजाराशी संबंध नाही, त्यामुळे दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करावे लागत नाहीत. ऑडिट झालेला ताळेबंद वर्षातून एकदा कंपनी निबंधकाकडे गेला की बाहेरच्या कुणाला फारसे काही सांगायचे उरत नाही.

ही मोकळीक मोलाची आहे, असे आम्ही मनापासून मानतो. खाद्यपदार्थांच्या धंद्यात जगातली कितीतरी मोठी नावे अशीच घरच्या हातात राहून वाढली. चॉकलेटवाली मार्स १९११ पासून कुटुंबाची आहे. २००८ मध्ये च्युइंगगम बनवणारी रिग्ली विकत घ्यायला तिने सुमारे २,३०० कोटी डॉलरचा सौदा केला, तोही स्वतः शेअर बाजारात न उतरता. हान्स रीगेल, बॉन या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन १९२० मध्ये जर्मनीत गोळ्या बनवणारी हरीबो सुरू झाली. चॉकलेट बनवणारी फेरेरो १९४६ मध्ये इटलीतल्या आल्बा गावी निघाली, आणि २०११ पासून तिचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. आपल्याकडे पार्ले १९२९ पासून, हल्दीराम १९३७ पासून. दहा वर्षे वाट पाहायची तयारी असलेला मालकच अशी कामे करू शकतो.

पण बाहेरचे कुणी विचारत नाही, म्हणून आतलेही कुणी लिहून ठेवत नाही. शेवेचे पीठ किती सैल भिजवायचे हे एका कारागिराच्या बोटांना ठाऊक, तेल कधी बदलायचे ते काकांच्या नजरेला ठाऊक, आणि ब्रँडचे नाव नेमके कुणाच्या मालकीचे ते बहुधा कुणालाच नक्की ठाऊक नाही. आमचे मागणे एकच आहे. हे सगळे कागदावर आणा. तसे करायला कोणताही कायदा पुरेसा भाग पाडत नाही, म्हणून तुम्हीच स्वतःला भाग पाडा. कशापासून सुरुवात करावी आणि न लिहिल्याने काय बिघडते, ते आम्ही खाली तपशिलाने मांडतो.

सुरुवात तेलापासून. चांगल्या शेवेत वजनाच्या ३० ते ३८ टक्के तेल असते, म्हणजे गिऱ्हाईक किलोभर शेव नेते तेव्हा तीनशे ग्रॅमहून जास्त तेल नेते. तेलाचा दर्जा हाच मालाचा दर्जा. तरीही बहुतेक ठिकाणी तेलाचा हिशेब फक्त खरेदीच्या बिलात दिसतो, भट्टीवर कुठेच नाही.

एक हिशेब करून पाहा. ताशी ३०० किलो शेव काढणारा फ्रायर आहे आणि त्यात १,००० लिटर, म्हणजे साधारण ९०० किलो तेल भरलेले आहे. मोहनाचे तेल वजा केले तर दर १०० किलो शेवेमागे अंदाजे २८ किलो तेल फ्रायरमधून मालाबरोबर बाहेर जाते. म्हणजे तासाला ८४ किलो. तेवढेच ताजे तेल सतत वरून भरत राहिले, तर ९०० किलो तेलाची एक पूर्ण फेरी पावणेअकरा तासांत होते. असे चालू राहिले तर तेल जुने व्हायला सवडच मिळत नाही. आता तोच फ्रायर निम्म्या मालावर चालवा. फेरी साडेएकवीस तासांची होते, पण तेल मात्र तेवढ्याच आचेवर, तेवढ्याच हवेत उकळत असते. म्हणून दिवाळीच्या धांदलीत तेल बहुधा ठीक असते आणि मागणी पडलेल्या आठवड्यात बिघडते. मंदीत भट्टी रोज चार तास अर्धवट चालवण्यापेक्षा दोन दिवसांचा माल एका दिवशी पूर्ण क्षमतेने काढावा. हा निर्णय कारागीर घेऊ शकत नाही. तो ऑर्डरी घेणाऱ्याने घ्यायचा असतो, आणि त्याच्यासमोर हा आकडा नसेल तर तो घेतला जात नाही.

१ जुलै २०१८ पासून एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे टीपीसी (तेल तापून बिघडते तशी त्यात साठत जाणारी द्रव्ये), २५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायला मनाई केली आहे. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल मान्यताप्राप्त संकलकालाच द्यायचे, हेही नियमात आहे. बऱ्याच कारखान्यांत टीपीसी मोजायचे हातातले यंत्र असते, पण ते साहेबांच्या कपाटात असते. ते भट्टीवर ठेवा. घाणा काढल्यावर तेलातले बुडबुडे पूर्ण शांत होईपर्यंत, साधारण पाच मिनिटे थांबा. पाण्याचे बुडबुडे असताना घेतलेला आकडा चुकतो. यंत्राचे टोक कढईच्या बुडाला किंवा तापणाऱ्या नळ्यांना टेकू देऊ नका. नवे तेल भरल्याबरोबर एकदा मोजून तो आकडा लिहून ठेवा, कारण ताज्या पामोलीनचा आकडा सोयाबीन तेलापेक्षा मुळातच जास्त असतो. सुरुवातच वरून झाली की २५ ला पोहोचायला कमी अंतर उरते. आमच्या मते घरचा नियम २५ चा नसावाच. २० ला सावध व्हावे आणि २२ ला तेल उतरवावे.

बिघडलेल्या तेलात ताजे तेल ओतून आकडा खाली आणणे ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. तासभर आकडा सुधारतो, पण जुन्या तेलातली घाण नव्या तेलाला लवकर नासवते आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही वाया जातात.

कढईच्या काठाकडे जरा जवळून पाहा. तेलाच्या पातळीच्या बोटभर वर तपकिरी, चिकट, नखाने न निघणारा थर दिसला तर समजा की तेल रात्रभर उघडे राहते आणि सकाळी त्याच थरावर पुन्हा तापते. काम संपले की तेल लवकर निववा, गाळा, झाका. अर्ध्या तासापेक्षा मोठा खोळंबा असेल तर आच कमी करून तेल १२० अंशांपर्यंत उतरू द्या. बेसनाचा चुरा दर घाण्याला झाऱ्याने काढला नाही तर तो तळाशी जळतो, तेल काळवंडते आणि शेवेवर काळे ठिपके येतात. पितळी साचे, पितळी झारे, तांब्याचे नळ हे सगळे बदलून स्टेनलेस स्टीलचे करा. तांब्याचा अंश तेलात उतरला की खवटपणा वेगाने येतो, आणि पाकिटावर छापलेली मुदत संपण्याआधीच दुकानातून माल परत यायला लागतो.

सोडा हाही तेलाचा शत्रू आहे. शेव हलकी आणि खुसखुशीत व्हावी म्हणून कारागीर चिमूटभर जास्त टाकतो. तो तेलातल्या आम्लाशी मिळून साबण तयार करतो. तेलाला फेस येतो, शेव जास्त तेल पिते, रंग लालसर होतो आणि जिभेवर साबणाची चव राहते. मग तक्रार तेलवाल्याकडे जाते. सोड्याचे माप ग्रॅममध्ये हवे, बेसनाच्या किलोमागे लिहिलेले हवे, आणि पिशव्या आदल्या दिवशी तोलून ठेवलेल्या हव्यात. पाण्याचेही तसेच. बेसन जितके बारीक तितके ते पाणी जास्त पिते, म्हणून बेसनाची गिरणी किंवा चाळणी बदलली की पाण्याचे माप बदलते. आज हे सगळे कारागिराचा हात सांभाळतो. तो दोन दिवस गावी गेला की शेव साच्यातून तुटते किंवा आतून कच्ची राहते.

मजुरीबद्दलही एक गोष्ट सांगणे भाग आहे. तळणीच्या माणसाला किलोमागे पैसे मिळत असतील तर तो आच वाढवणारच. १७५ अंशांच्या जागी तेल १९५ वर गेले की शेव वरून लवकर लाल होते, आत ओल राहते आणि पाकिटात आठवड्याभरात सादळते. तापमान दहा अंशांनी वाढले की तेल बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे मजुरीत वाचलेला पैसा तेलात जातो, आणि हे दोन्ही खर्च घरातल्या वेगवेगळ्या भावांच्या वह्यांत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसाची मजुरी ठरवा, आणि दर्जा राखल्याचा वेगळा भत्ता द्या.

आता तळणीनंतरच्या मसाल्याबद्दल. १७५ अंशांच्या तेलातून निघालेल्या शेवेवर जंतू उरत नाहीत. पण मिक्श्चरवर, चिवड्यावर, मसाला दाण्यांवर आपण तिखट, मिरी, आमचूर, धणेपूड वरून भुरभुरतो, काजू-बेदाणे मिसळतो. त्यानंतर माल कुठेही तापत नाही. मसाल्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असेल तर तो जसाच्या तसा पाकिटात जातो. कोरड्या, तेलकट पदार्थात तो वाढत नाही, पण कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून वरून टाकायचा मसाला वाफेने निर्जंतुक केलेलाच घ्या, पुरवठादाराकडून प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल घ्या, आणि कच्च्या मसाल्याची खोली व तळलेल्या मालाची खोली यांची माणसे, झाडू, टोपल्या वेगळ्या ठेवा. मसाल्याच्या ड्रमला आतून ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्यामुळेच जंतूला वाढायला संधी मिळते. तो भाग कोरडाच साफ करावा.

हे न पाळल्याने काय होते ते मोठ्या घरानेही भोगले आहे. फेरेरोच्या बेल्जियममधील आर्लोन येथील कारखान्यात १५ डिसेंबर २०२१ रोजी साल्मोनेला सापडला. कच्च्या मालाच्या दोन टाक्यांच्या तोंडाशी असलेली गाळणी हे त्याचे मूळ असल्याचे पुढे कंपनीनेच सांगितले. कारखान्यात सफाई झाली, जादा नमुने तपासले गेले, ते स्वच्छ आले आणि माल बाहेर पडत राहिला. एप्रिल २०२२ मध्ये, ऐन ईस्टरच्या तोंडावर, तिथल्या किंडर चॉकलेटचा माल परत बोलवावा लागला. ८ एप्रिलला बेल्जियमच्या अन्न यंत्रणेने कारखान्याचा परवाना थांबवला. अनेक देशांत मिळून शेकडो माणसे आजारी पडली, त्यांत बहुतेक लहान मुले. कारखाना जूनमध्ये पुन्हा सुरू झाला, तोही अटींवर. आतल्या कारभारात त्रुटी होत्या, हे कंपनीने मान्य केले.

त्यात कारागिरीचा दोष नव्हता आणि यंत्रांचीही कमतरता नव्हती. नमुना स्वच्छ आला म्हणजे माल स्वच्छ, असे कोरड्या किंवा तेलकट पदार्थात म्हणता येत नाही, कारण जंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. टनभर मालातून २५ ग्रॅमचे पाच-दहा नमुने घेतले तर ते सहज निसटतात. खरा प्रश्न असा, की एकदा सापडल्यावर जोपर्यंत मूळ सापडत नाही तोपर्यंत गाडी थांबवण्याचा अधिकार कुणाला होता? तुमच्या कारखान्यात तो कुणाला आहे? प्रयोगशाळेतली मुलगी "माल रोखा" म्हणाली आणि त्याच वेळी धाकट्या मालकांचा "गाडी सोडा" असा फोन आला, तर गोडाऊनवाला कुणाचे ऐकेल, हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून एक कागद करा. त्यावर एका व्यक्तीचे पद लिहा. त्या व्यक्तीने रोखलेला माल फोनवर सुटणार नाही. सोडायचा असेल तर कारण लिहून, तारीख घालून, एका संचालकाची सही लागेल. खाली घरच्या सगळ्या संचालकांच्या सह्या घ्या, थोरल्यांचीही. आणि तो कागद गोडाऊनच्या दारावर लावा. आमच्या पाहण्यात हा एक कागद लाखभराच्या यंत्रापेक्षा जास्त काम करतो, कारण घरच्या कंपनीत माल रोखणारा नोकर मालकाच्या मुलाला नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने तो कागदच नाही म्हणू शकतो.

गोळ्या-टॉफीवाल्यांसाठी हेच पाकाच्या भांड्यात घडते. कडक गोळीचा पाक म्हणजे ढोबळमानाने ६० भाग साखर आणि ४० भाग लिक्विड ग्लुकोज, साखरेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी. आधी ११० अंशांपर्यंत साखर पूर्ण विरघळवून पाक गाळायचा, मग उघड्या भांड्यात १४५ ते १५० अंशांपर्यंत शिजवायचा. व्हॅक्यूम कुकर असेल तर १३२ ते १३८ वर भागते आणि रंगही उजळ राहतो. तयार गोळीत पाणी ३ टक्क्यांच्या आत हवे. एवढे सगळ्यांना येते. बिघडते ते पुढे.

गोळी रवा धरते, म्हणजे पारदर्शक गोळी दोन आठवड्यांत आतून पांढरी, भुसभुशीत होते. कारण बहुधा भांड्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण असतात. ते शिजलेल्या पाकात पडले की तिथून रवा बसायला लागतो. कडा उकळताना ओल्या ब्रशने किंवा वाफेने धुऊन घ्यायच्या असतात. घाईत ते राहून जाते. कधी ग्लुकोजचे पिंप थंडीत घट्ट होऊन नीट रिकामे होत नाही, आणि चाळीस भागांच्या जागी पस्तीसच पडतात. डिसेंबर-जानेवारीत पिंप ५० अंशांपर्यंत गरम करून मगच तोलायचे, हे भिंतीवर लिहिलेले हवे.

उलट गोळी पाघळते, कागदाला चिकटते, तेव्हा दोष सायट्रिक ॲसिडचा किंवा हवेचा असतो. ॲसिड १ ते १.५ टक्का, पण ते पाक शिजल्यावर, १०५ ते ११० अंशांवर उतरला की टेबलावर मळताना टाकायचे. उकळत्या पाकात टाकले तर साखर फुटते आणि गोळी हवेतले पाणी ओढते. वाया गेलेल्या आंबट गोळ्या पुन्हा भांड्यात घालतानाही हेच होते, कारण त्यांच्यातले ॲसिड बरोबर येते. त्या वेगळ्या विरघळवा, खाण्याच्या सोड्याने आंबटपणा मारा, गाळा, आणि नव्या पाकात त्यांचे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. किती टाकले ते लिहिलेच पाहिजे, नाहीतर महिनाअखेर वाया गेलेला माल लपवण्यासाठी ते प्रमाण हळूच वाढत जाते.

जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची हवा किती ओली असते ते सांगायला नको. पॅकिंगची खोली २५ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेच्या आत हवी. नुसता एसी लावून ते साधत नाही, कारण खोली गार झाली की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, पाणी काढणे बंद होते आणि गार हवेची आर्द्रता उलट वाढते. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतले पाणी काढणारे यंत्र, वेगळा लागतो, आणि मालाचे दार दोन पडद्यांचे. कूलिंग टनेलमधून गोळी ३५ अंशांच्या खाली येऊनच कागदात जावी. गरम गुंडाळली की ती पोत्यात चपटी होते. रंगाचेही माप हवे. कृत्रिम रंगाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे १०० किलो गोळ्यांत सगळे रंग मिळून १० ग्रॅम. ते चमच्याने मोजता येत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

मेटल डिटेक्टरबद्दल थोडेच. लोखंड, इतर धातू आणि स्टेनलेस स्टील अशा तीन चाचणी-तुकड्यांनी तो दर तासाला तपासा. कारण साधे आहे. पाळीत एकदाच तपासला आणि तो बंद पडलेला आढळला, तर आठ तासांचा माल रोखावा लागतो. एवढा माल रोखायला कुणीही धजावत नाही, आणि वहीत "ठीक" लिहिले जाते. दर तासाला तपासले तर एका तासाचाच माल रोखायचा असतो. तेवढे सांगायची हिंमत माणसाला होते.

माल परत बोलवण्याची लिखित पद्धत हवी, असे २०१७ चे अन्न परत बोलावणीचे नियम सांगतात. ती फाइलमध्ये असते. तिची परीक्षा घ्या. बाजारातून तुमचेच एक पाकीट आणा आणि चार तासांत शोधा : बेसन कोणत्या लॉटचे, तेल कोणत्या टँकरचे, मसाला कोणत्या तारखेचा, आणि त्या बॅचची किती खोकी कोणत्या वितरकाकडे गेली. बहुतेक वेळा तेलापाशी अडते. तेलाची मोठी टाकी कधीच रिकामी होत नाही, नवा टँकर जुन्यावरच ओतला जातो, म्हणजे तेलाचा लॉट वर्षभर एकच. दोन टाक्या ठेवा, एक रिकामी करून धुवा, तोवर दुसरी चालवा. बेसनाचेही तसेच. तीन गिरण्यांचे बेसन एका हॉपरमध्ये मिसळले की तिघांपैकी कुणालाच जाब विचारता येत नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. इथे आमचा अधिकार कमी आहे, पण ज्यांनी तुमचे हिशेब वर्षानुवर्षे लिहिले त्यांनी हे सांगायला हवे.

ब्रँडचे नाव कुणाच्या नावावर आहे ते आज तपासा. कित्येक घरांत ते आजोबांच्या व्यक्तिगत नावावर, किंवा कधीच बंद झालेल्या भागीदारी पेढीच्या नावावर असते, आणि कंपनी ते तोंडी परवानगीवर वापरत असते. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि कुणी उघडत नाही. वर्गही पाहा. गोळ्या, मिठाई आणि धान्य-पिठाचे खारे पदार्थ ३० व्या वर्गात येतात, पण बटाट्याचे वेफर्स आणि भाजलेले दाणे २९ व्या वर्गात. शेवेसाठी घेतलेली नोंदणी वेफर्सना पुरत नाही.

हल्दीरामच्या घरातल्या वेगवेगळ्या शाखांत ते नाव कुणी वापरायचे, हा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्यातला एक प्राथमिक मुद्दा, की नोंदणी नसलेली भागीदारी पेढी आपल्या ट्रेडमार्कसाठी दावा लावू शकते का, हाच २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दावा चालू शकतो, असे न्यायालयाने ठरवले, कारण तो हक्क करारातून आलेला नव्हता. पण पेढीची नोंदणी वेळीच झाली असती तर तो प्रश्नच उभा राहिला नसता. भागीदारी पेढी असेल तर नोंदणी करून घ्या. कंपनी असेल तर नाव कंपनीला लेखी हस्तांतरित करा, किंवा निदान वापराचा करार करा. घराची वाटणी होईल तेव्हा कोणत्या भावाने कोणत्या राज्यात, कोणत्या मालावर, कोणत्या अक्षरांत नाव वापरायचे, हे सगळे चांगले चाललेले असताना लिहा. भांडण सुरू झाल्यावर प्रत्येक शब्दाला वकील लागतो.

आणि कागदावरच्या पाककृतीची किंमत काय असते, हे रावळगावने दाखवले. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या त्या कंपनीच्या गोळ्या १९४२ पासून महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या. २०२४ मध्ये तिने गोळ्यांचा धंदा २७ कोटी रुपयांना रिलायन्स कन्झ्युमरला दिला. दिले काय? ट्रेडमार्क, पाककृती आणि बौद्धिक संपदा. जमीन, इमारत, यंत्रे कंपनीकडेच राहिली. विकत घेणाऱ्याला हवे होते ते नाव आणि कृती. उद्या तुमच्याकडे कुणी हिस्सा घ्यायला आला, जसा २०२५ मध्ये हल्दीराममध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने घेतला, तर तो आधी याच फायली मागेल. कृती कारागिराच्या हातात असेल तर तुम्ही ती विकू शकत नाही, मुलाला देऊही शकत नाही.

ती लिहिताना कारागिराचा मान मात्र राखा. तीस वर्षांचे ज्ञान त्याच्याकडून काढून घ्यायचे आणि मग त्याला काढून टाकायचे, ही भीती त्याला असते, म्हणून तो माप चुकीचे सांगतो. त्याला लेखी नेमणूक द्या, कृतीच्या कागदावर त्याचे नाव घाला, शिकवण्याचा वेगळा पगार द्या. त्याच्याशेजारी एक माणूस काटा, थर्मामीटर आणि वही घेऊन पंधरा दिवस बसवा. तो मूठ घालेल ती आधी तोलायची. पंधरा दिवसांत प्रत्येक जिन्नसाचे किमान, कमाल आणि सरासरी माप हातात येते. त्याच्या पुढच्या पंधरा दिवसांत दुसऱ्या माणसाने त्या कागदावरून माल काढायचा आणि कारागिराने फक्त चाखायचे. त्याने तीनदा लागोपाठ "ठीक" म्हटले की कृती पक्की.

दिवाळीच्या मालाची धावपळ गणपतीनंतर सुरू होते. त्याआधी आमचे मागणे इतकेच आहे : प्रत्येक भट्टीवर एक जाड पुठ्ठ्याची वही, तिला दोरीने बांधलेले पेन, आणि पानावर सहा रकाने : वेळ, तेलाचे तापमान, टीपीसी, ओतलेले ताजे तेल, घाण्यांची संख्या, सही. गोडाऊनच्या दारावर माल रोखण्याच्या अधिकाराचा तो सह्यांचा कागद. आणि सगळ्या भावांनी एका दुपारी एकत्र बसून ट्रेडमार्कची मूळ प्रमाणपत्रे टेबलावर मांडून वाचणे. वहीचा नमुना आणि कृती लिहायचा तक्ता ज्यांना हवा असेल त्यांना आम्ही करून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही.

आपले विश्वासू,
नमकीन आणि गोळ्यांच्या कारखान्यांत भट्टी, प्रयोगशाळा व हिशेब सांभाळणारी इंदूरची काही मराठी माणसे